तारेचा राखणदार, माणसाचा राखणदार

दिवाळी अंकात विजेच्या धक्क्याविषयी लिहायचे म्हणजे फराळाच्या ताटात कारले वाढण्यासारखे आहे, हे मला समजते. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडून त्याचा कडू थेंब जिभेला लावण्याची रीत आपल्याकडे आहेच. हे या अंकातले कारीट समजा आणि मग खुशाल चिवड्याकडे वळा.

शिवाय या विषयाला मुहूर्तही हाच. घरात वीज बारा महिने असते आणि पाणीही असते; पण दोघांची गाठ ओल्या अंगाच्या माणसांशी एकाच वेळी पडण्याचा योग दिवाळीत जितका जुळतो तितका एरवी जुळत नाही. पहाटे चारला गिझर लागतो. न्हाऊन निघालेली पोरे ओल्या पायांनी गॅलरीत धावतात, कारण आकाशकंदील तिथे असतो. त्या आकाशकंदिलाची वायर बहुधा गेल्या वर्षीची, मधोमध तुटलेली, हाताने पीळ देऊन जोडलेली आणि वर चिकटपट्टी गुंडाळलेली. ती गॅलरीच्या लोखंडी जाळीला सुतळीने बांधलेली असते. खाली रांगोळीसाठी फरशी नुकतीच धुतलेली. माळ्यावरून काढलेल्या दिव्यांच्या माळा एका बोर्डात, त्या बोर्डाचा प्लग दुसऱ्या बोर्डात, अशी वंशावळ लांबत जाते. एवढे असूनही बहुतेक घरांतली दिवाळी सुखरूप पार पडते, ही लक्ष्मीची कृपाच म्हणायची.

हे मी कुठे बोलून दाखवले की समोरचे गृहस्थ निश्चिंतपणे सांगतात, "आमच्याकडे ती भीती नाही. आम्ही सगळे एमसीबी नवे बसवून घेतले आहेत." हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे की आजचे सदर त्यालाच वाहिले आहे.

पूर्वी घरोघरी चिनी मातीचे फ्यूज असत. दिवे गेले की घरातला कर्ता पुरुष स्टुलावर चढून त्यात नवी तार भरी, आणि खाली सगळे कुटुंब मेणबत्ती धरून उभे राही. त्या फ्यूजचा सुधारलेला वारस म्हणजे एमसीबी. तार भरावी लागत नाही, खटका वर केला की झाले. परंतु दोघांचे काम एकच. तारेतून तिच्या ताकदीपेक्षा जास्त वीज वाहू लागली तर ती तापेल, तिच्यावरचे आवरण वितळेल, घराला आग लागेल. तसे होण्याआधी वीज तोडायची. हे दोघे तारेचे राखणदार आहेत. त्यांना माणसाची ओळखच नाही.

कशी नाही, ते थोड्या आकडेमोडीने कळेल. दिव्यांच्या लाईनवरचा एमसीबी बहुधा ६ अँपिअरचा आणि गिझरचा १६ किंवा २० अँपिअरचा असतो. आपण ज्याला पिवळा बल्ब म्हणत होतो तो ६० वॅटचा दिवा २३० व्होल्टवर सुमारे २६० मिलिअँपिअर वीज घेतो. अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे मिलिअँपिअर. तेव्हा हा झाला पाव अँपिअर. आता न्हाणीघरात ओल्या अंगाने उभ्या असलेल्या माणसाचा हात विजेच्या जिवंत तारेला लागला असे धरू. कातडी भिजलेली असेल तर हातापासून पायापर्यंतच्या शरीराचा विरोध साधारण हजार ओहम धरायला हरकत नाही. म्हणजे त्याच्या अंगातून सुमारे २३० मिलिअँपिअर वीज जाणार. ती त्या बल्बापेक्षाही थोडी कमीच भरली! माणसाच्या छातीतून याच्या निम्मी वीज सेकंदभर गेली तरी हृदयाचे ठोके बंद पडून त्याची नुसती थरथर सुरू होऊ शकते, आणि मग डॉक्टर येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. तिकडे एमसीबी स्वस्थ असतो. घरात कुणीतरी एक दिवा लावला, एवढेच त्याला कळलेले असते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालांत विजेच्या धक्क्याचे सदर वेगळे असते. २०१९, २०२० आणि २०२१ या तिन्ही वर्षांत तिथे दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसांची नोंद आहे. त्यांत शेतातले पंप आणि रस्त्यावर तुटून पडलेल्या ताराही आल्या, हे खरे. पण न्हाणीघरे आणि गॅलऱ्याही आल्याच.

माणसाला किती वीज सोसते हा प्रश्न कुणीतरी माणसांवरच तपासून पाहायला हवा होता, आणि तो तपासला अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चार्ल्स डॅल्झिएल या प्राध्यापकाने. विजेचा धक्का बसलेला माणूस तारेला 'चिकटतो' असे आपण म्हणतो. वीज काही डिंक नव्हे. होते असे की हाताचे स्नायू विजेमुळे आवळले जातात आणि मूठ उघडायचे मनात असूनही उघडत नाही. ती कुठपर्यंत उघडते, हे या प्राध्यापकाने आपखुशीने पुढे आलेल्या १३४ पुरुषांवर आणि २८ स्त्रियांवर मोजले. पुरुषांची सरासरी निघाली १६ मिलिअँपिअर, स्त्रियांची साडेदहा. म्हणजे आपल्या त्या पिवळ्या बल्बाचा सोळावा-पंचविसावा हिस्सा! ऑस्ट्रियाच्या बीगलमायर नावाच्या संशोधकाने तर पुढे स्वतःच्याच अंगातून वीज सोडून असली मापे घेतली. विद्येसाठी माणसे काय काय करतात!

डॅल्झिएल मापे घेऊन थांबला नाही. १९६१ च्या सुमारास त्याने एक यंत्र सिद्ध केले, ते ५ मिलिअँपिअरच्या गळतीवरच वीज तोडून टाकते. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींसाठी अशाच तत्त्वावरची खटपट त्याच्याही आधी, १९५०-६० च्या दशकात झाली होती. अमेरिकेत हे यंत्र भिंतीतल्या सॉकेटातच बसवलेले असते. दोन भोकांच्या जोड्या आणि मध्ये दोन छोटी बटणे, एक तपासायचे आणि एक पुन्हा सुरू करायचे. तिकडच्या नियमांनी १९७५ मध्ये न्हाणीघरांसाठी आणि १९८७ मध्ये स्वयंपाकघरांसाठी ते सक्तीचे केले. मुलाकडे वा मुलीकडे अमेरिकेत जाऊन आलेल्या वाचकांनी ते बेसिनशेजारी पाहिले असेल आणि ही बटणे कशाची, असे मनात म्हटले असेल. आपल्याकडे सहसा सॉकेटाऐवजी मीटरजवळच्या पेटीतच, सगळ्या एमसीबींच्या आधी, हा राखणदार बसवतात. दुकानात त्याला आरसीसीबी म्हणतात. जुने वायरमन अजून ईएलसीबी म्हणतात. त्या नावाचे जुने यंत्र वेगळ्या पद्धतीने चाले आणि आता ते बाद झाले आहे, पण नाव राहिले आहे.

याचे काम कसे चालते ते गृहिणींना माझ्याआधी कळेल. गिरणीत दळण पाठवताना गहू पाच किलो मोजून दिले, आणि पीठ आले की घरी पुन्हा मोजले. थोडी तूट येतेच, ती कुणी मनावर घेत नाही. पण एक दिवस पीठ चांगले पाव किलो कमी भरले, तर वाटेत कुठेतरी डबा गळला किंवा कुणी हात मारला हे उघड आहे. आरसीसीबी हेच करतो. विजेच्या दोन तारा असतात. एकीने वीज घरात जाते, दुसरीने परत येते. दोन्ही तारा या यंत्रातल्या एका लोखंडी कड्यातून ओवलेल्या असतात. गेली तितकीच परत आली तर कडे शांत. गेलेल्यातली काही परत न येता भलत्याच वाटेने जमिनीत गेली, मग ती वाट भिजलेली भिंत असो, गिझरचा पत्रा असो की माणूस, तर त्या कड्यात तेवढ्या तफावतीने चुंबकत्व उत्पन्न होते, आणि तफावत ३० मिलिअँपिअरला पोचायच्या आत-बाहेर कुठेतरी खटका पडतो. सेकंदाच्या एका अंशात. गणित एवढे साधे आहे, की इतकी वर्षे ते घरोघर का झाले नाही याचे नवल वाटते.

का झाले नाही, त्याचे एक कारण मला पुण्यात मामांच्या घरी बघायला मिळाले.

मामांचे घर नारायण पेठेत, जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आहे. मामा एक्याऐंशी वर्षांचे. मामी कित्येक दिवसांपासून म्हणत होत्या की कपडे धुण्याचे यंत्र 'चावते'. ओल्या हाताने झाकण उघडले की मुंग्या येतात. यावर मामांचा उपाय आपल्या देशातल्या बहुतेक घरांत चालतो तोच, "चप्पल घालून जात जा." रबरी चपलेने आजवर पुष्कळांना वाचवले आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु ज्या यंत्राला हात लावायला चप्पल लागते ते यंत्र दुरुस्त करावे, असे कुणाला सुचू नये, याची मौज वाटते. पायताण घालून देवळात गेले तर आपण रागावतो आणि न्हाणीघरात पायताण घातल्याशिवाय जाऊ देत नाही!

या दिवाळीला दोन्ही नातवंडे नाशिकहून यायची होती. मामी म्हणाल्या, "मी चप्पल घालीन. चार वर्षांचं पोर काही ऐकायचं नाही." मग मला निरोप आला. तू सदर लिहितोस ना, मग ये, असा त्याचा सूर होता.

वायरमन म्हणून आला तो तिशीतला, परवानाधारक आणि कामाला चोख मुलगा होता. त्याने यंत्राच्या पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लागला. मग त्याने भिंतीतले सॉकेट उघडले आणि मामांना जवळ बोलावून दाखवले, "आजोबा, हे बघा. भोकं तीन, वायर दोनच."

प्लगची तिसरी पिन सर्वांत जाड आणि लांब असते, ते उगाच नव्हे. प्लग खोचताना तिने सर्वांच्या आधी टेकावे आणि काढताना सर्वांच्या शेवटी सुटावे म्हणून ती लांब. यंत्राचा पत्रा ती जमिनीशी जोडते. वीज पत्र्यावर उतरलीच तर तिला जमिनीत जायला सोपी वाट मिळते. मामांच्या घरी या तिसऱ्या पिनेसाठी भोक होते आणि मागे काहीही नव्हते. हल्लीच्या यंत्रांत विजेतली खरखर गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसले की त्यांच्यामुळे पत्र्यावर थोडी वीज तरंगत राहते आणि मुंग्या येतात. ती वीज फार थोडी असते, तिने सहसा कुणी दगावत नाही. मामींच्या मुंग्या त्याच होत्या. त्यांनी निरोप मात्र आणला होता, की या घराला अर्थिंग नाही.

आणि त्यात आणखी एक गोष्ट होती, ती वायरमनने विचारली म्हणून कळली. तीन वर्षांपूर्वी इमारतीतले गंजलेले लोखंडी नळ काढून प्लॅस्टिकचे टाकले होते. लोखंडी नळ जमिनीत गेलेले असत. जुन्या घरांत अर्थिंग धड नसले तरी गिझरची गळती त्या नळांवाटे गुपचूप जमिनीत जाई. कुणी योजून केलेली सोय नव्हती ती, पण होती. नळ बदलले, पाणी स्वच्छ येऊ लागले, आणि ती वाट बंद झाली. पुण्या-मुंबईच्या हजारो जुन्या इमारतींत हे नळ बदलण्याचे काम झालेले आहे. त्या वेळी प्लंबर येतो, वायरमनला कुणी बोलावत नाही.

इमारतीच्या मागे अर्थिंगचा खड्डा होता. मीठ-कोळसा भरलेला, वर झाकण, झाकणावर जुनी सायकल. वायरमनने तो मोजून पाहिला, पाणी घातले, आणि मीटरच्या खोलीतून हिरवी तार मामांच्या घरात आणली. दीड दिवस त्यात गेला. मग पेटीत आरसीसीबी बसला. खटका वर केला, दिवे लागले, मामींनी वायरमनला चहा दिला आणि बेसनाचा लाडू दिला. सगळे समाधानी.

संध्याकाळी दिवेलागणीला मामींनी दारावरचा दिवा लावला आणि घरभर अंधार झाला.

खटका वर केला, वीज आली. दारावरचा दिवा लावला, पुन्हा अंधार. मामा म्हणाले, "तिन्हीसांजेला दारात दिवा लावू देत नाही, असलं अभद्र यंत्र घरात नको." दुसऱ्या दिवशी वायरमनने तासभर तारा उलगडल्या तेव्हा उलगडा झाला. पूर्वी कुणा कारागिराने हा दारावरचा दिवा बसवताना जिवंत तार मामांच्या घरातून घेतली होती आणि परतीची तार जवळ पडते म्हणून जिन्याच्या दिव्याला जोडून दिली होती. म्हणजे वीज मामांच्या दारातून बाहेर जात होती आणि परत सोसायटीच्या लाईनीने. पीठ भलत्याच घरी पोचत होते. कड्याने बरोबर ओळखले. धोका फारसा नव्हता, पण हिशेब चुकीचा होता, आणि हे यंत्र हिशेबाचे आहे. जुन्या घरात आरसीसीबी बसवला आणि तो उगाच पडतो अशी तक्रार आली, की पुष्कळ वेळा अशी इकडची तिकडे जोडलेली परतीची तार निघते. दोन मीटर नवी तार ओढली आणि काम झाले.

तिसऱ्या दिवशी पहाटे गिझर लावला. दोन-तीन मिनिटे गेली आणि खट्. मामांचे स्नान, मग पूजा, मग चहा, असा क्रम. तो पहिल्याच पायरीवर अडला. पुन्हा खटका वर, पुन्हा दोन मिनिटांनी खट्. वायरमन आठ वाजता आला तोपर्यंत मामांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला होता. "दहा वर्षं हा गिझर चालतोय. कधी तक्रार नाही. तुझं यंत्र आलं आणि तो बिघडला?"

वायरमनही दोन दिवसांत थकला होता. तो म्हणाला, "आजोबा, गिझरची लाईन डायरेक्ट करून देतो. आरसीसीबीच्या आधीच जोडतो. पाच मिनिटांचं काम. मग काही त्रास नाही."

वाचकहो, अशा घरांत या यंत्राचा शेवट इथेच होतो. पेटीत यंत्र राहते, त्याचा छोटा दिवाही दिसतो, आणि ज्या लाईनीसाठी ते आणले तीच त्याला वळसा घालून जाते. वायरमनला दोष देण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक ओरडते ते वीज गेली म्हणून. वीज गेली नाही म्हणून ओरडायला पुष्कळदा गिऱ्हाईकच उरलेले नसते.

मामा 'कर' म्हणणार, इतक्यात मामी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. त्यांना लोखंडी कडे ठाऊक नव्हते की मिलिअँपिअर ठाऊक नव्हते. त्या वायरमनला म्हणाल्या, "हे यंत्र काहीतरी सांगतंय ना रे? मग ते काय म्हणतंय ते आधी बघ. तोंड कसलं बांधतोस त्याचं?"

मी बोललो असतो तर एवढे थोडक्यात बोललो नसतो.

वायरमनने मेगर आणला. गिझरच्या कॉइलपासून पत्र्यापर्यंत विजेला जो अडसर असायला हवा तो जवळजवळ शून्यावर आला होता. कॉइल बाहेर काढली. या इमारतीला वर्षातले काही महिने बोअरचे पाणी येते. त्या क्षारांचा बोटभर जाड थर कॉइलवर बसला होता. तो खरवडल्यावर तांब्याच्या नळीवर केसाएवढी चीर दिसली. कॉइल तापली की चीर उघडे, पाणी आत शिरे आणि वीज पाण्यात येई. लोखंडी नळ गेल्यापासून त्या विजेला बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून ती कुणाला दिसली नव्हती. तोटीच्या धारेखाली उभे राहून कुणी एक हात भिजलेल्या भिंतीला किंवा बेसिनच्या नळाला लावला असता, म्हणजे ती वाट झाली असती.

मामा बराच वेळ कॉइल हातात फिरवीत राहिले. मग त्यांनी ती वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवली. आलेल्या-गेलेल्याला ते हल्ली ती दाखवतात.

आता काही गोष्टी सरळ सांगून टाकतो, कारण या यंत्राविषयी भलत्या आशाही लोक बाळगतात. आरसीसीबी असला तरी धक्का बसतो. चांगला जाणवण्याइतका बसतो. यंत्र धक्क्याची मुदत तोडते, इतकेच. पण जीव वाचतो तो त्या मुदतीनेच. अर्थिंग नसले तरी आरसीसीबी चालतो, परंतु तेव्हा गळतीला पहिली वाट माणसाचीच मिळते. अर्थिंग असले तर वीज पत्र्यावर उतरताक्षणी, कुणी हात लावायच्या आधीच, खटका पडतो. मामांच्या गिझरचे हेच झाले. म्हणून दोन्ही हवीत. एका हातात जिवंत तार आणि दुसऱ्या हातात परतीची तार धरली आणि पाय कोरड्या लाकडावर असले, तर हे यंत्र काहीच करू शकत नाही. गेलेली वीज पुरेपूर परत येते आहे, हिशेब बरोबर आहे. आणि तारेवर भार जास्त झाला तर हा पडत नाही, त्यासाठी एमसीबी ठेवावाच लागतो. दोन्ही कामे एकत्र करणारेही यंत्र मिळते, त्याला आरसीबीओ म्हणतात.

विकत घेताना यंत्रावर ३० मिलिअँपिअर लिहिलेले आहे ना, ते चष्मा लावून पाहावे. १०० आणि ३०० चेही तसेच दिसतात, पण ३०० चे आगीपासून बचावासाठी असते, माणसासाठी नाही. आयएसआय शिक्का आणि आयएस १२६४० हा क्रमांक असावा. इलेक्ट्रॉनिक पाट्यांवर चालणारी यंत्रे घरात झाली असल्यामुळे दुकानदाराकडे 'ए' प्रकारचे मागावे. साधे 'एसी' प्रकारचे त्या यंत्रांतली काही तऱ्हेची गळती ओळखत नाही. चांगल्या कंपनीचे यंत्र दीड-दोन हजारांपासून मिळते. शक्य असेल तर फ्रिजची लाईन स्वतंत्र आरसीबीओवर घ्यावी, नाहीतर तुम्ही कोकणात आणि इकडे गॅलरीतल्या माळेने खटका पाडलेला, असे झाले तर परत आल्यावर फ्रिज उघडायला धैर्य लागेल. ठराविक भारावरच्या जोडण्यांना गळतीपासून रक्षण करणारे यंत्र हवे, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे सुरक्षा नियमही सांगत होते. पण जुन्या घरात येऊन पेटी उघडून पाहायला कुणी येत नाही, ते ज्याचे त्यानेच पाहायचे असते.

गिझरऐवजी बादलीत सोडायचा रॉड ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी एक वाक्य. पाणी तापले का ते बोट बुडवून बघायची सवय असेल, तर आधी बटण बंद करावे, प्लग उपसून काढावा आणि मगच बोट बुडवावे. बादली स्टीलची असेल तर हात बादलीलाही तोपर्यंत लावू नये.

आणि यंत्र बसवले म्हणजे ते जन्मभर जागे राहील असेही नाही. न पडता वर्षानुवर्षे उभा राहिलेला खटका आतून अडकू शकतो. त्यासाठी त्याच्यावर 'टी' लिहिलेले एक छोटे बटण असते. ते दाबले की यंत्र स्वतःच आत थोडी खोटी गळती निर्माण करते आणि स्वतःला पाडते. महिन्यातून एकदा हे करावे असे उत्पादक सांगतात. मामींनी कॅलेंडरवर प्रत्येक संकष्टीच्या चौकटीत पेन्सिलीने 'टी' लिहून ठेवले आहे. तुमची लक्षात ठेवण्याची रीत दुसरी असेल. दिवाळीची झाडलोट करताना, फ्रिज पुसायला बंद केलेला असतोच, तेव्हा तरी दाबून पाहा. खट् असा आवाज येऊन घरातले दिवे गेले पाहिजेत. गेले नाहीत तर वायरमनला बोलवा, आणि तो येईपर्यंत अभ्यंगाचे पाणी गॅसवर तापवा.